वगळून

टाके घातले एकोणचाळीस.
बायपासनंतर बोटं थरथरायची, म्हणून
तळमजल्यावरच्या चांगुणाताई मढवींनी
नऊ नंबरच्या सुया हातात दिल्या
आणि राखी लोकरीचा एक गुंडा.
मे महिन्यात. घणसोलीत.
कोण घालणार हे, दोघांनीही विचारलं नाही.

तीन सुलट, चौथा उचलायचा.
"ईनाचा नाय त्याला. निस्ता या सुईवरशी त्या सुईवर.
धागा मागशी जाव द्या. आवलू नका."

मी आवळायचो.
तीस वर्षं सिडकोत रेषा मारल्या,
सैल काही सोडवत नाही हाताला.
चुण्या पडायच्या. ताई मुकाट उसवायच्या,
कुरळा झालेला धागा पुन्हा गुंड्यावर गुंडाळत
माझ्याकडे न बघता.

काल चोविसाव्या ओळीनंतर
विणकाम खिडकीशी धरलं, तर ते टाके
वर आलेले. दोन ओळींची उंची
एकेकट्याने पेलून, ताणलेले,
आणि त्यांच्या पाठीमागून आडवा निघून गेलेला धागा.
बोट फिरवलं.
हे खडबडीत माझ्या ओळखीचं होतं.

शीट नंबर सतरा. ट्रेसिंग पेपर.
अकरा मीटरचा रस्ता, नाला, शाळेचा भूखंड,
मधे एक वाकडातिकडा गोळा, आणि त्यात
माझ्याच सुबक अक्षरात: गावठाण (वगळून).
आत काही काढायचं नव्हतं.
ना विहीर, ना सुकटीच्या दोऱ्या, ना कुणाचा ओटा.
सेक्टर त्याच्या अलीकडून आले
आणि पलीकडे चालू लागले.

ताईंना सांगून टाकलं एकदाचं.
चष्मा कपाळावर सरकवून
त्या माझे टाके मोजत राहिल्या, सुईच्या टोकाने.
"ती वाकरी रेघ तुमची होय?
आमची न्हानी बाहेर रेली तिच्या.
बापूस रोज आंघोलीला सिडकोन जायाचा."
हसल्या.
मी हसावं की नाही, कळेना.

मग म्हणाल्या, दोन ओळी झाल्या,
आता तिसऱ्या ओळीत त्यालाही विणून घ्यायचा,
नाहीतर लोंबत राहतो तसाच.

सुई घातली.
टाका घट्ट होता, मीच आवळलेला.
पहिल्यांदा निसटला.