पहिला छर्रा

तारकर्लीच्या रस्त्याला, डायव्हिंगवाल्यांच्या शेडमागे
माझं टेबल आहे, पत्र्याखाली.
दिवसभर कॉम्प्रेसर पाहुण्यांच्या टाक्या भरतो,
संध्याकाळी उरल्या टाकीवर
निमिषा गिरकरची रायफल.

तोच वारा.
दुपारी कुणा पुणेकराच्या तोंडातून बुडबुडे होऊन वर आला,
आता दोनशे बारला दाबून
हातभर नळकांड्यात गप्प.

"मावशे, रोज पयलो छर्रो वर जाता.
मगे बरे लागतत."

क्रोनोग्राफ मांडला, पुढे रेतीचं पोतं.
वहीत लिहीत गेले:
एकशे एक्क्याऐंशी.
त्र्याहत्तर. बाहत्तर. परत त्र्याहत्तर.
पहिला तेवढा उधळलेला,
दावं सुटल्या पाड्यासारखा.

बाबी तांडेल डोकावला,
"किती जोरान मारता गो ही?"
सगळे जोरच विचारतात.
माझा बापूस आउटबोर्ड इंजिनं खोलायचा,
म्हणायचा, जाळा ओढताना एकाच सुरात चालव,
सूर चुकलो की माशाक कळता.

आधी हवा सोडली. सगळी.
काटा शून्यावर आला तरी आणखी एकदा खात्री केली;
भरल्या नळीला पान्हा लावणाऱ्याचा पंजा
मी पाहिलाय, तीन बोटांचा.

मग रेग्युलेटर.
बशांसारख्या चकत्या, पोटाला पोट, पाठीला पाठ,
तळाशी मटाराएवढी पांढरी बैठक.
भिंगाखाली तिच्यावर एक कण:
मीठ असेल, नाहीतर पितळेचा कीस.
मोहरीचा दहावा हिस्सा.
एवढ्यानं दार किलकिलं राहायचं रात्रभर
आणि पुढच्या कप्प्यात हवा चढत जायची,
आवाज न करता,
जशी मी,
नवरा बोटीवर असायचा त्या वर्षांत.
रात्रभर गप्प बसून बसून
सकाळी पहिल्या शब्दाला पोरावर फुटायचे.
मग दिवसभर बरी.

बैठक बारीक कागदावर आठाच्या आकड्यात घासली,
स्पिरिटनं पुसली.
नवी ओ-रिंग, तिला सिलिकॉन नखभर,
जास्त लावलं की कचरा धरते.
फिल्टरमधले दाणे बदलले;
इथला वारा आधी पाणी असतो, मग वारा.
हातोडीची स्प्रिंग पाव फेरा सैल,
मग त्यातला थोडा परत घट्ट.
किती थोडा, ते वहीत नाही.
ते कानाला कळतं.

दहा मारले.
बाहत्तर, बाहत्तर, एकाहत्तर, बाहत्तर...
निमिषा हसली. मी नाही.
"आज नाय. फाल्या."
भरलेली रायफल कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे.

रात्री भरती पार पत्र्यापर्यंत ऐकू येत होती.
कूस बदलत मी दाब मोजत पडले,
कुणाचा, ते सोडा.

सकाळी सहाला, कॉम्प्रेसर जागा व्हायच्या आधी
ती आली, गणवेशात, ओल्या केसांनी.
एक छर्रा.
आकडा उजळला: एकशे त्र्याहत्तर.
पुढचे सगळे बाहत्तर,
एक एकाहत्तर, तो तिच्या शिंकेचा असं ती म्हणते.
छर्रा शिंकेनं हळू होत नाही,
पण मी बोलले नाही.

"पयलो अजून एक वर आसा."
पेचकस तिनंच पुढे केला.
मी घेतला. टेबलावर ठेवला.
"ऱ्हवांदे. तो एक रातीचो."

शनिवारी ओरोसला स्पर्धा.
तिनं पानावर तारीख घातली, रायफल पाठीला लावली,
आणि छर्‍यांचा डबा
टेबलावरच विसरून गेली.