सदतीस नंबर

दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन निवडायचं होतं.
ग्रामीण समाजशास्त्राच्या जागा भरल्या,
उरलं ते मी घेतलं: व्यसन आणि समाज.
चुलता म्हणाला, त्यात शिकायचं काय,
आपल्या गल्लीत फुकट शिकवत्यात.

प्रश्नावली बेचाळीस प्रश्नांची.
हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन,
सांगता येत नाही म्हणजे नऊ.
मधले तीन ते आठ कुठं गेले
हे मी सरांना विचारलं नाही.

उद्यमनगरच्या मागं, पत्र्याला पत्रा लागलेल्या बोळात
दोरीवरच्या ओल्या कपड्यांनाही भट्टीचा वास.
ती फाउंड्रीत वाळू चाळते.
नवरा साचे करायचा. सीपीआरला पंधरा दिवस होता,
त्याला तीन वर्षं झाली,
तेव्हापासून थेंब नाही. आता एका गोडाऊनवर वॉचमन.

"नाव लिही की माझं."
नाव लिहायचं नसतं, मावशी. नंबर असतो. तुमचा सदतीस.
"का गं? म्या काय चोरलंय?"

प्रश्न एकोणीस.
पतीच्या मद्यपानाचा आपणांवर काय परिणाम झाला?
ती पदरानं फॅनचं बटण पुसत राहिली,
काळं होतं ते, निघण्यातलं नव्हतं.
"त्यानं सोडली," म्हणाली.
"मी घेतो की."

मोबाईल रेकॉर्ड करत होता. मी नव्हते.

"रोज न्हाई. खांदं भरून आलं की.
नव्वद घेतो, त्यो ड्यूटीवर गेला की घेतो,
आन् गिलास साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतो.
तू च्या घेणार का?"

स्त्रियांसाठी प्रश्न एकोणीस ते तीस:
पती. पती. सासरे. मुलगा. पती.
स्वतः असा रकानाच नव्हता.
प्रश्नावली मीच बनवली होती,
तीन वेळा तपासून घेतली होती.
मी नऊ लिहिला.
चहा प्यायले. आल्याचा होता, फार तिखट.

सर अकोल्याचे. मुलाखतीचा कागद वाचताना थांबले.
हा मध्येच कोण पुरुष बोलतोय?
पुरुष नाही सर, बाईच.
मग "घेतो"?
आमच्याकडं बायका असंच बोलतात, सर.
येतो, जातो, जेवलो, दमलो.
माझी आईसुद्धा. मीसुद्धा, विद्यापीठाच्या फाटकापर्यंत.
सर मनापासून हसले. छान आहे, म्हणाले,
तळटीप द्या. आणि वाक्य तेवढं शुद्ध करून घ्या.

रात्री टाइप करताना
शुद्ध करायला काहीच लागलं नाही.
"तो"चा काना काढला, मात्रा तशीच ठेवली,
आणि यादवनगराच्या अलीकडची एक बाई
कागदावर दारू प्यायला लागली.

काना होता तोवर
ती त्या वाक्यात दार लावून बसली होती.
कुणी वाचलं असतं तर म्हणालं असतं,
असेल कुणी गडी, पितात गडी.
आता तिचा बोळ होता, तिचं काम होतं,
पंधरा दिवस सीपीआरला काढलेला नवरा होता,
नंबराला कितीशी कडी असते?

काना परत लावला.
परत काढला.
अडीचला लाईट गेली, तेव्हा काना कुठल्या बाजूला होता
हे मला खरंच आठवत नाही.
सकाळी ते पानच मी वगळलं.
तक्ता सहा: स्त्रिया, स्वतः सेवन, शून्य.
प्रबंधाला चांगले गुण पडले.

मे महिन्यात पुन्हा गेले, पेढे घेऊन.
सदतीस नंबर दिवसपाळीला होती.
नवरा होता घरी, बनियनवर, रेडिओची पाठ उघडून बसलेला.
बस की, म्हणाला. काय निघालं मग तुझ्या अभ्यासात?
मोरीत ॲल्युमिनियमचं पातेलं होतं,
साबणाचा फेस बसून गेलेला,
तळाशी एक स्टीलचा पेला
आडवा.
त्यानंही पाहिलं मी कुठं बघतेय ते.
मग खाली बघून स्क्रू शोधायला लागला.

अजून लिहायचं चाललंय, काका.
येतो मी.