शेऱ्याचा रकाना

तिघऱ्याहून येणारं पाणी आज चहासारखं.
नळीत धरून यंत्रात ठेवलं.
गढूळपणा: एकशे चाळीस.
परवा एकोणीस होता.
आकडा लिहिला, वेळ लिहिली, सही केली.
शेऱ्याचा रकाना सोडून दिला.
तो बहुधा रिकामाच असतो.

बाहेर कोहरा. धुकं पुण्यात पडतं,
इथे ग्वाल्हेरला कोहरा बसतो,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
किल्ल्याच्या जागी दुपारपर्यंत नुसता पांढरा कोपरा,
आणि जरा उठतोय म्हणेपर्यंत मावठा,
मधूनच तुरीच्या डाळीएवढ्या गारा.

कालव्याच्या तोंडाशी आडवा गज आहे,
त्यावर तो.
खंड्या नव्हे. खंड्याचं काय, त्याला सगळं चालतं;
सकाळीच क्लोरीनच्या खोलीमागे त्याने पाल धरली,
पाइपावर आपट आपट आपटली,
वर असा ओरडला, जणू कुणी उधारी मागितली.
हा दुसरा. मुठीएवढा, निळा, आखूड शेपटीचा धीवर.
ह्याला मासाच लागतो
आणि मासा दिसावा लागतो.

थेंब पडला की पाणी डोळा मिटतं.
तो मान वर करतो, खाली करतो,
अंतर मोजत असेल.
मग झेपावत नाही.
पिसं फुगवून बसतो.
चोचीच्या टोकाला थेंब जमतो, गळतो, जमतो.
चार तासांत दोनदा सूर मारला:
एकदा रिकामा आला, एकदा बाभळीची शेंग घेऊन.
तीही त्याने आपटली,
सवयीने.

पंपावरचा रामसेवक कुशवाह म्हणाला,
"शितोळे मॅडम, ये तो गया।"
तीस वर्षं पंपाच्या आवाजात काढली त्याने,
मरणाची बातमीही ओरडूनच सांगतो.

तिसऱ्या दिवशी धीवर आत आला,
निवळणीच्या टाकीच्या कठड्यावर बसला.
तुरटीने गाळ खाली बसवलेला,
आकडा शून्य पूर्णांक आठ,
तळाशी कधीकाळी पडलेला वॉशरसुद्धा दिसतो.
अख्ख्या शहरात त्या दिवशी एवढं एकच पाणी आरपार होतं
आणि त्यात काहीही नव्हतं.
आमचं कामच ते.
बावीस वर्षं मी
काही नसल्याची खात्री करून सही करते आहे.
तो बघत राहिला.
मान वर, मान खाली.

प्रयोगशाळेच्या मागे सिमेंटचा हौद आहे.
मलेरिया विभागाचे गप्पी मासे,
डासांच्या अळ्या खायला मोहल्ल्यांत वाटायचे.
वर जाळी, जाळीवर चार विटा,
पाटी: हात लावू नये.
पत्र्याच्या छपराखाली तिथे पाऊस पोचत नाही.

मी हात लावला.
एक वीट. मग दुसरी.
रामसेवकने तोंड पंपाकडे फिरवलं,
म्हणजे त्याने काही पाहिलं नाही.

आधी खंड्याच आला, अर्थात.
दोन मासे मटकावून, शिव्या देत गेला.
मी चप्पल उगारली
आणि माझं मलाच हसू आलं:
आता कुणी जेवायचं तेही शितोळेबाई ठरवणार.

पाचच्या सुमारास, उजेड सरता सरता,
छपराच्या कडेखालून एक निळी रेघ गेली.
टपकन. एवढाच आवाज.
हौदाच्या काठावर दोनदा आपटलं,
चोचीत उलटं फिरवलं, डोकं घशाकडे,
म्हणजे खवले अडत नाहीत.
गिळलं.
थोडा वेळ काहीच केलं नाही.
मग पुन्हा.

आत येऊन संध्याकाळची नळी भरली.
एकशे बारा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हवामान खराब.
पेन ठेवलं, उचललं, त्याच ओळीत कसंबसं बसवलं:
हौदाची जाळी सैल.
दुरुस्ती उद्या.