न घेतलेल्या वस्तूंची वही

वादी कबीरच्या खोलीत सहा माणसं,
तीन दुमजली खाटा, एक खिडकी.
खिडकीत एसी बसवलाय, म्हणजे खिडकी नाहीच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझी खाट साडेपाच फुटांची, मी पाच फूट नऊ.
ती म्हण करणारा
नक्की इथेच कुठेतरी झोपून गेला असणार.

मस्कतचा रियाल फार बारीक दळला जातो.
शंभर नाही, हजार तुकडे,
तुकड्याचं नाव बैसा.
पहिल्या महिन्यात वाटलं, पैसाच म्हणतायत,
समुद्राचा वारा लागून उच्चार सैल झालाय.
गावी दशांश चिन्हापुढे दोन घरं मोजायचो,
इथे तीन.
ते तिसरं घर कर्जाला लागतं, राहायला.

कर्ज म्हणजे
एजंटाचे एक लाख दहा हजार,
पतसंस्थेच्या तिजोरीत सुचिताच्या पाटल्या,
आणि मेव्हण्याने आईच्या ऑपरेशनला दिलेले, बिनव्याजी.
दर दिवाळीला त्याचा फोन,
"सावकाश द्या हो, घाई नाही."
तेच व्याज.

खर्चाची वही सगळेच लिहितात.
मी न केलेल्या खर्चाची लिहिली.

कडक चहा, रुवीच्या कोपऱ्यावर: नाही घेतला. ०.१५०
हमरियाहून टॅक्सी: चालत आलो. ०.३००
(चप्पल झिजली ती धरलेली नाही.)
सलून: १.५००
बुरोंडकरांनी ट्रिमर फिरवला,
डाव्या कानामागे एक पट्टा तसाच राहिला,
त्याला खोलीत सगळे बचत गट म्हणू लागले.
वेदांगसाठी रिमोटची गाडी, लुलूमध्ये,
हातात घेतली, उलटी करून किंमत पाहिली,
चाकं थोडी फिरवली: ४.९००
हे पान मी पुन्हा उघडत नाही.

एक्स्चेंजची पाठवणावळ वाचावी म्हणून
दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवायचे.
काचेवरचा भाव बघत उभं राहायचं.
तिकडे रुपया पडला की इकडे रांगेत
माणसं हळूच हसायची,
मग आपण कशाला हसलो ते आठवून गप्प.

सुचिताचा निरोप आला:
"सिलेंडर एक्कावन्न दिवस पुरवला."
सोबत फोटो. ओट्यामागच्या भिंतीवर
खडूने तारखा, एकीखाली एक.
लग्नाआधी तिने मला एकच पत्र लिहिलं होतं,
तेही हवापाण्याबद्दल.
हा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला.
उलट लिहिलं, या महिन्यात माझा फोन फक्त दोन रियाल.
तिने अंगठा पाठवला.
बुरोंडकर वरच्या खाटेवरून म्हणाले,
झोपा आता, रोमियो.

तीन वर्षं, सात महिने.
शेवटचा हप्ता एका मंगळवारी गेला.
पाटल्या घरी आल्या.
"जरा सैल होतात," ती म्हणाली,
मी पुढे विचारलं नाही.

त्या संध्याकाळी रुवीच्या कोपऱ्यावर थांबलो.
कुंञिमोनने न विचारता कप ठेवला पुढ्यात,
आणि माझा हात खिशाकडे जाईचना.
दारातली मांजर अनोळखी माणसाकडे बघते,
तसा तो खिशाकडे बघत राहिला.
चहा निवला. मग प्यालो.

रात्री वही काढली.
घेतलेल्याला तिच्यात रकानाच नव्हता.
उलटी केली, शेवटच्या पानावर लिहिलं:
चहा. घेतला. ०.१५०
साखर जास्त होती.

तेवढ्यात सुचिताचा आवाज,
मागे कुकरची शिट्टी:
"काल नवा सिलेंडर लावला.
यंदा तारीख नाही लिहिली भिंतीवर."

बरं वाटलं.
मग बऱ्याच वेळाने, अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन,
उगीच काळजी वाटली,
आता किती दिवस गेला
ते कळणार कसं.