रविवारचा वळसा

दोलावोनच्या पलीकडे, जिथे कालवा संपतो
आणि पातागोनियाचा उघडा माळ सुरू होतो,
तिथल्या लोकरीच्या गोदामात
अकरा वर्षं उभं आहे ते विमान.
चाकं बसलेली. पंखांवर मेंढ्यांच्या वासाची धूळ.
फक्त प्रोपेलरचं एक पातं, टोकाशी,
हात लागून लागून उजळलेलं.

तेव्हाच कळायला हवं होतं मला.

एलुनेद चहा घेऊन आली, मनुकांचा काळा केक,
आणि म्हणाली, "मार्चमध्ये मायर येतेय नेउकेनहून.
तिला एकदा आवाज ऐकायचाय याचा."
मायर, धाकटी. उडायची ती.
ही थोरली, राहायची.

मी टॉर्च दातांत धरला.
प्लगांच्या जागी बसवलेल्या पारदर्शक नळ्या,
आत सिलिकाचे खडे. कोरडे असले की निळे.
हे गुलाबी, सगळेच्या सगळे,
आणि कधीपासून गुलाबी
ते खडे सांगत नाहीत.

"इथली हवा कोरडी गं नेलिदा,
इथे पाव बुरसत नाही, नुसता वाळतो."
खरं आहे.
पण समुद्र पूर्वेला आहेच,
आणि मिठाला कुणाला वाट विचारावी लागत नाही.

पहिल्या सिलिंडरात बोरस्कोपची शेपटी सोडली.
भिंतीवरच्या तिरक्या रेघा शाबूत,
कोऱ्या वहीसारख्या.
दुसरा तसाच. चौथा बरा.
तिसऱ्यात तांबूस ठिपके,
चहा सांडून पुसायचा राहिला असावा तसे.
एवढ्यावर मी हो म्हटलं असतं कदाचित.

पण या इंजिनात कॅमशाफ्ट असतो माथ्यावर,
आणि तेलाचा ओढा खालीच.
बंद केल्या रात्रीपासून ते उतरू लागतं,
थेंब थेंब, आठवडे, महिने,
आणि माथा उघडा पडत जातो.
तिसरा सिलिंडर उतरवला. दोन दिवस गेले,
एक नट तर रडवूनच सुटला.
आरसा आत घातला.

देवीचे व्रण असावेत तसे खड्डे
कॅमच्या नाकावर.
नख अडकलं.

"पण मी तर काळजी घेतली," एलुनेद म्हणाली.
"दर रविवारी, चॅपेलहून आले की,
दहा वळसे. हाताने. जाम होऊ नये म्हणून.
बर्फ पडला तेव्हाही.
मनगट मोडलं होतं त्या वर्षी
डाव्या हाताने."

मी स्पॅनर पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

हाताने फिरवलं की तेल वर चढत नाही, एलुनेद.
उरलासुरला थर तेवढा खरवडून निघतो.
दर वळशाला सिलिंडर एक श्वास घेतो,
बाहेरची ओल आत नेतो,
खडे पितात, पितात, आणि मग गुलाबी होतात.
कुणी शिवलं नसतं याला,
विसरून गेलं असतं कुणी खुशाल,
तर कदाचित

हे मी बोलले नाही.
वहीत लिहिलं: कॅमशाफ्ट, खड्डे. सुरू करू नये.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: दीर्घ साठवण.
खोटं नाही ते.

तिला म्हटलं, आता फिरवू नका हं,
सिलिंडर उघडा आहे, काहीतरी आत पडायचं.
तिने माझ्याकडे पाहिलं जरा जास्त वेळ.
मग केकची ताटली उचलली,
"मायरला मीच सांगेन," म्हणाली,
आणि दारात थांबून,
"तू नको."

रविवारी मी त्रेलेउला होते.
सोमवारी आले तर पात्यावर धूळ,
आठवडाभराची, अखंड, बोट न लागलेली.
आणि पात्यासमोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर,
स्वयंपाकघरातली एक खुर्ची.