तृणमणी

पहाटे तीनच्या सुमारास पंप बोलायचा थांबला.

चार नंबरच्या टाकीचा छोटा पंप,
दर अकरा सेकंदांनी टक् करून
क्षाराचा एक घोट आत सोडणारा.
आतले जीवाणू आम्ल करत राहतात
आणि तो त्यांची समजूत काढत राहतो रात्रभर,
किरकिऱ्या पोराची काढावी तशी.
दांगुओलेनं चहाचा पेला खाली ठेवला.
रोजचा आवाज ऐकू येत नाही,
ऐकू येतं ते त्याचं नसणं.

क्लाइपेदा बंदराच्या मागे, रूळ गवतात बुडतात तिथे
हा कारखाना. गव्हाचं काड आत जातं,
शिजतं, त्याची साखर होते,
साखरेला विरजण लागतं,
दोन दिवसांनी आम्ल तयार, गाळलं की पांढरे खडे.
त्यांचे पुढे बुटांचे तळवे होतात,
वाफ्यांवर अंथरायचे, मातीत विरणारे कागद होतात.

तिचे वडील वादळ ओसरलं की
कमरेइतक्या गार पाण्यात जाळं घेऊन उभे राहायचे.
लाट देईल ते घ्यायचं.
मोठे खडे सोनाराला, चुरा घरी.
चुरा लोखंडी भांड्यात कोंडून भाजायचा,
आधी धूर, मग तेल,
आणि झाकणाच्या आत सुयांसारखं काही धरायचं.
हेच आम्ल. अगदी हेच.

तिकडे त्या खड्याला गिंतारास म्हणतात.
आपण म्हणतो तृणमणी,
लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून.
नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक,
पुढे काडीच मण्याचं पोट उघडेल.

"किती वेळ लागतो तुमच्या पिंपाला?"
वडिलांनी एकदा विचारलं होतं.
"अठ्ठेचाळीस तास."
"माझ्या मालाला चार कोटी वर्षं लागली,"
एवढं म्हणून ते हेरिंगचा काटा
दातांतून काढत बसले.
अभिमान होता की थट्टा, तिनं विचारलं नाही.
आता विचारायची सोय नाही.

तिनं नळ सोडून नमुना घेतला.
उग्न्युस, नवा पोरगा, बॅटरी धरून उभा.
"छान नितळ दिसतंय की!"
तिनं मान हलवली.
इथे गढूळ ते जिवंत.
नळीतून उजेड आरपार जात होता,
मधाचा रंग, एक कण नाही.
वडिलांनी पाहिलं असतं तर भाव केला असता.
फक्त आत माशी नव्हती.
आत जे होतं ते दिसण्याइतकं मोठं नव्हतं,
जीवाणूत शिरून त्याला आतून फोडणारं,
एखाद्या गळक्या झडपेतून आलेलं,
किंवा कुणाच्या बुटाला लागून. कदाचित तिच्याच.

साठ हजार लिटर.
व्यवस्थापक फोनवर आधी रक्कम पुटपुटला,
मग कारण विचारलं, मग बराच वेळ काही नाही.
टाकीत वाफ सोडली. मेलेलंसुद्धा
पुन्हा एकदा मारावं लागतं.
वास मात्र भाजक्या पावाचा आला,
उग्न्युसला भूक लागली, आणि त्याची लाज वाटली.

विरजण बिघडलं तर आपण वाटी घेऊन
शेजारी जातो.
तिचा शेजारी म्हणजे उणे ऐंशी अंशांचं कपाट.
बोटाएवढी कुपी, वेगळ्या वाणाची,
या रोगाला दाद न देणारी,
निदान कागदावर तरी.
दोन हातमोज्यांत धरून तिनं ती बाहेर काढली.

सकाळी फाटकाशी काडाच्या गाठींचा ट्रक.
ड्रायव्हर म्हणाला, परत नेऊ?
"उतरव," ती म्हणाली,
आणि पावतीवर सही करताना
कोणता वार आहे ते त्यालाच विचारलं.

तिसऱ्या रात्री टाकीपाशी दोघं.
टक्.
उग्न्युस मोजायला लागला, मोठ्यानं.
तिनं त्याला गप्प केलं,
तो ओठांनी मोजत राहिला.
चाळिसावर आला, पन्नासावर,
तिनं चहाचा पेला उचलला, पुन्हा ठेवला,
त्रेपन्न,
चोपन्न