नववा दिवस

हॉल्मस्बीच्या चर्चमध्ये, डावीकडच्या तिसऱ्या खांबावर
एक रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वीतभर वर.
कुणीतरी खिळ्याने ओढलेली, शेवटाकडे हात कापलेला.
खाली फक्त तारीख : ३१ जानेवारी १९५३.
पाणी इथवर आलं होतं, असं वेगळं कुणी लिहिलं नाही.

दरवर्षी नावं वाचायच्या त्या मिसेस ग्रेबी.
यंदा त्यांचा खुबा मोडला,
आणि पाद्रीणबाई पोस्टाच्या काउंटरवर येऊन म्हणाल्या,
तुम्ही वाचाल का? तुमचा आवाज खणखणीत आहे.

बावीस वर्षं मी या गावाची पार्सलं तोलते.
बावीस वर्षं माझं वैजयंती हे नाव
इथे नुसतं ‘व्ही’ होऊन राहिलंय.
तक्रार नाही. नाव आखूड असलं की हाक पटकन येते.
पण मेलेल्यांची नावं अशी कातरता येत नाहीत,
म्हणून आठवडाभर तिकिटं फाडता फाडता घोकत होते :
वॉल्टर इप्टन, सिबिल इप्टन, एनिड ओडलिंग…

‘ओडलिंगमधला ड एवढा आपटू नकोस,’
रॉलंड डाउस म्हणाला. ‘म्हातारी मऊ होती.’
मग चिल्लर मोजत, वर न बघता,
‘शेवटी काय लिहिलंय?’
मला पाठ होतं. डाउस यांचं तान्हं मूल.
‘मुलगी,’ तो म्हणाला. ‘नऊ दिवसांची.
रविवारी डोक्यावर ओंजळभर पाणी घालून
नाव ठेवायचं होतं.’
पाणी शनिवारीच आलं. संध्याकाळी सातला,
स्वैपाकघराच्या दारातून, न विचारता.

तो तेव्हा पाच वर्षांचा, कपाटावर चढवलेला.
नाव आईने त्या दुपारी एकट्या त्यालाच सांगितलं होतं,
उद्यापर्यंत पोटात ठेव, म्हणून.
बहात्तर वर्षं त्याने ठेवलं.
आणि आता काचेखालच्या फटीतून,
जिथून मी लोकांना मोड परत करते,
त्या फटीपाशी तोंड आणून मला दिलं.
‘वाचायचं मात्र नाही. पाटीवर नाही ते वाचत नाहीत.’

आमच्यात बाराव्या दिवशी बारसं.
आमच्यात बाराव्याच दिवशी बारावं.
एकाच आकड्याला माझ्या भाषेने दोन दारं ठेवलीत
आणि ही पोर
दोन्हींच्या अलीकडेच ओली होऊन थांबलेली.

शुक्रवारी चाळीसेक माणसं आली, बहुतेक काठ्या टेकत.
हीटर घरघरत होता.
बाहेर समुद्र पार मागे सरलेला,
जणू तो त्या गावचाच नाही.
मी वाचलं. ओडलिंगमधला ड हळू ठेवला.
शेवटी डाउस यांचं तान्हं मूल म्हणाले आणि तोंड मिटलं.
रॉलंड नव्हता. तो या दिवशी येत नाही,
घरी वरच्या मजल्यावरचा दिवा लावून बसतो.

सगळे अंड्याच्या सँडविचकडे वळले तेव्हा
मी गुडघे टेकायची उशी खांबाशी ओढली,
बूट काढले, वर चढले.
भिंतीला कान असतात म्हणतात. खांबालाही असतील.
तिची आत्या कोण, होती की नव्हती, मला ठाऊक नाही.
रेघेला ओठ लावून म्हटलं, कुर्रर्र,
आणि मग नाव. एकदाच.
दगड गार होता. ओठांना चुना लागला.

ते नाव इथे लिहीत नाही.

सोमवारी तो आला.
भरती-ओहोटीचं नवं कोष्टक घेतलं, एक पौंड ऐंशी.
‘वारा उत्तरेचा आहे,’ म्हणाला.
‘हो,’ म्हटलं, ‘रात्रीपासून.’
त्याने दोन पौंडांचं नाणं सरकवलं.
मी वीस पेन्स परत केले,
त्याच फटीतून.